शाळा पाड्यावरच पाहिजे



आपल्या भागातल्या पाड्यांवरच्या जिल्हा परिषद शाळांचं पुढे काय होणार, हा विषय दिवाळीच्या आधीपासून प्रत्येक बैठकीत निघतो आहे. काही साथी म्हणतात, शाळेचा विषय संघटनेने कशाला अंगावर घ्यायचा? आपली लढाई जमिनीची आहे. दावे पडून आहेत, अपिलं पडून आहेत, मोजणी अर्धवट आहे, ते आधी करू.

आम्ही पाड्यावरचे पालक आहोत आणि संघटनेचे सभासदही आहोत. आमचं म्हणणं असं आहे की पाड्यावरची शाळा आणि पाड्याची जमीन हे दोन वेगळे विषय नाहीत. शाळा गेली की जमिनीवरचा आपला पाय ढिला होतो. ते कसं, ते इथे मांडतो. वाचून झालं की पाड्यावर ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

काय ठरलं आहे

२१ सप्टेंबर २०२३ ला शिक्षण आयुक्तालयातून एक पत्र निघालं. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या मुलांसाठी ‘समूह शाळा’ करायच्या, त्याचे प्रस्ताव १५ ऑक्टोबरपर्यंत पाठवायचे, असं त्यात होतं. नमुना म्हणून नंदुरबारच्या तोरणमाळची आणि पुण्याच्या पानशेतची शाळा दाखवली. सरकारच्याच तेव्हाच्या आकड्यांप्रमाणे राज्यात अशा १४,७८३ शाळा होत्या, त्यांत १,८५,४६७ मुलं शिकत होती आणि २९,७०७ शिक्षक होते. म्हणजे एका शाळेत सरासरी बारा-तेरा मुलं आणि दोन शिक्षक.

ही गोष्ट पहिल्यांदा होत नाही. २०१७ च्या डिसेंबरात दहाच्या आत पट असलेल्या सुमारे तेराशे शाळा बंद करायचा निर्णय झाला होता. तेव्हा त्याला ‘समायोजन’ म्हटलं. आता ‘समूह’ म्हणतात. विरोध झाल्यावर सरकारकडून असंही सांगितलं गेलं की शाळा बंद करायच्या नाहीत, फक्त एकत्र करायच्या. पाड्यावर बसून बघितलं तर या दोन्हीत काय फरक आहे ते आम्हाला कळलेलं नाही. आमच्या पाड्यावरून फळा, तांदळाची कोठी आणि हजेरीपट दुसऱ्या गावाला गेला, तर आमच्यासाठी शाळा बंदच झाली.

आमच्याकडे हे कसं आलं? लेखी काही आलं नाही. केंद्रप्रमुख आले, गुरुजींशी बोलले, जाताना दोन पालकांना अंगणात सांगून गेले, की पुढच्या जूनपासून पोरांना खालच्या गावच्या शाळेत घाला, इथलं काही खरं नाही. आम्ही पंचायत समितीत गेलो. साहेब म्हणाले, ‘‘अजून काही आदेश नाही, तुम्ही उगाच घाबरता.’’ आदेश नाही, तर मग सांगायला माणूस कशाला पाठवला, असं विचारलं. त्यावर उत्तर मिळालं, ‘‘ते मार्गदर्शन होतं.’’ शाळा व्यवस्थापन समितीची बैठक नाही, ग्रामसभेला पत्र नाही, पाड्याला नोटीस नाही. नुसतं तोंडी. तोंडी सांगण्यात एक सोय असते. त्याच्याविरुद्ध अपील करता येत नाही.

पट कमी का झाला

सरकार म्हणतं पट कमी आहे. कमी आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण तो कसा कमी झाला ते कोणी विचारत नाही.

आमच्या पाड्यावर शाळेत बसणारी मुलं सतरा आहेत. आम्ही घरोघर फिरून नावं लिहिली आहेत. कागदावर अकरा आहेत. चार मुलांचं आधार नाही, म्हणून ती ऑनलाइन पटात दिसत नाहीत. ती घरात जन्मली, जन्माची नोंद झाली नाही, म्हणून दाखला नाही, आणि दाखला नाही म्हणून आधार नाही. दोन मुलं आश्रमशाळेतून आजारी पडून परत आली आहेत, त्यांची नावं अजून तिथेच आहेत. ही सहा मुलं रोज शाळेत बसतात, पाढे म्हणतात, खिचडी खातात. पण संचमान्यता करताना ती नसतात. मूल डोळ्यासमोर बसलेलं असताना ते नाही असं ठरवायचं, हा हिशोब आम्हाला वनखात्याच्या पंचनाम्यातून चांगला ओळखीचा आहे. तिथेही उभं भात असताना ‘पडीक’ लिहितात.

दुसरी गोष्ट भट्टीची. दसरा-दिवाळी झाली, भात झोडून झालं की मुकादम उचल देऊन घरंच्या घरं वीटभट्टीवर नेतो. आईबाप गेले की लहान पोरं मागे कोणाकडे राहणार? तीही जातात. जानेवारीत तपासणीला साहेब येतात तेव्हा वर्ग अर्धा रिकामा दिसतो. स्थलांतर करणाऱ्या घरांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मुलं गावातच राहावीत आणि त्यांच्या जेवणाची सोय व्हावी, म्हणून ती काढली. गेलेल्या मुलांना जिथे जातील तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी पत्रक आहे. आमच्याकडे ते पत्रक आम्ही मागितल्याशिवाय कोणी दिलं नाही, आणि वसतिगृह तर मागूनही मिळालं नाही. योजना चालवायची नाही आणि मग वर्ग रिकामा आहे म्हणून बोट दाखवायचं, हे बरोबर नाही.

तिसरी गोष्ट शिक्षकाची. आमच्या शाळेवर दोन गुरुजी मंजूर होते. एकाची बदली झाली, त्या जागी दुसरा आला नाही. उरलेले एक गुरुजी चार इयत्ता सांभाळतात. शिवाय मतदारयादीचं काम त्यांच्याच गळ्यात, पोषण आहाराचा हिशोब त्यांच्याच गळ्यात, ऑनलाइन माहिती भरायला रेंज नाही म्हणून टेकडीवर जाऊन बसायचं तेही त्यांनीच. केंद्रात बैठक असली की त्या दिवशी शाळेला कुलूप. हे बघून ज्याला थोडं जमतं तो आपलं मूल उचलतो आणि आश्रमशाळेत नाहीतर मामाच्या गावाला टाकतो. मग पट आणखी उतरतो. शिक्षक काढला म्हणून पट उतरला, आणि पट उतरला म्हणून आता शाळाच काढायची.

गुरुजींवर आमचा राग नाही. काही ठिकाणी गुरुजी येतच नाहीत, त्यावर आपण मोर्चेही काढले आहेत, पुढेही काढू. पण जे येतात, पावसात चिखल तुडवत येतात, त्यांना आणि आम्हाला एकमेकांसमोर उभं करायचा डाव ओळखला पाहिजे. शाळा गेली तर त्यांनाही कुठेतरी लांब टाकणार आहेत.

अंतर कोणी मोजलं

खालच्या गावची शाळा आमच्या पाड्यापासून अडीच किलोमीटर दाखवली आहे. ही अडीच किलोमीटर पायवाटेने आहेत आणि मध्ये ओहळ आहे. जून ते सप्टेंबर ओहळाला पाणी असतं. फरशी आहे, ती मोठा पाऊस झाला की बुडते. तेव्हा मोठ्या माणसालाही कमरेला दोर बांधून जावं लागतं. सडकेच्या मोरीवरून वळसा घेतला तर सहा-सात किलोमीटर पडतं. पहिलीतलं पोर सहा वर्षांचं असतं. त्याला रोज जाऊन-येऊन इतकं चालवायचं, हे कोणत्या साहेबाने आपल्या पोराला करून बघितलं आहे?

सांगतात, गाडी देऊ, वाहतूक भत्ता देऊ. गाडी पाड्यापर्यंत येईल असा रस्ता आहे का, ते आधी बघा. रस्ता असता तर बाळंतीण बाईला डोलीत घालून न्यावं लागलं नसतं. आणि भत्ता तर वर्ष संपल्यावर येतो, तोही ज्याचं बँकेत खातं आणि आधार जुळलेलं आहे त्याला. रोज सकाळी काळीपिवळीवाल्याला पैसे कोण देणार?

सगळ्यात आधी मुली घरी बसतील. आम्ही आईबाप आहोत, आम्हाला माहीत आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला जंगलवाटेने एकटी पाठवायला कोणती आई तयार होईल? ती म्हणेल, राहू दे, धाकट्याला सांभाळ. मग तीच मुलगी दोन वर्षांनी भट्टीवर विटा थापायला जाईल आणि पंधरा-सोळाव्या वर्षी तिचं लग्न लागेल. त्यानंतर बालविवाह रोखा असे बोर्ड लावून काय होणार?

दुसरा पर्याय म्हणून आश्रमशाळा दाखवतात. राज्यात शासकीय आश्रमशाळा पाचशेच्या आसपास आहेत, अनुदानितही तेवढ्याच्या आसपास आहेत. त्यांतून शिकून बरेच जण पुढे गेले, संघटनेतही त्यांतले साथी आहेत. आश्रमशाळा पाहिजेच. पण ती मोठ्या मुलांसाठी. सहा वर्षांचं लेकरू आईपासून तोडून तिथे ठेवायची पाळी यावी, यासाठी पाड्यावरची शाळा बंद करायची? आश्रमशाळांमधल्या मुलांच्या मृत्यूंची चौकशी करायला २०१६ साली डॉ. सुभाष साळुंखे यांची समिती बसवावी लागली होती. साप चावणं, ताप अंगावर काढणं, वेळेवर दवाखान्यात न नेणं, अशा कारणांनी मुलं जातात, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको.

कायदा काय म्हणतो

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार कायदा २००९ चा. १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. त्याच्या महाराष्ट्राच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असली पाहिजे, असं आहे. वीस मुलांचा जो आकडा सांगतात, तो याच नियमांतला आहे. पण तो नवी शाळा उघडायची असेल तेव्हाचा आहे. चालू शाळा कुलूप लावून बंद करा, असं त्यात कुठेही नाही. केंद्राच्या नियमांत तर असंही आहे की डोंगराळ भाग, पूर, दरड, रस्ता नसणं अशी अडचण असेल तिथे हे अंतर कमी करावं. आमच्याकडे अंतर वाढवत आहेत.

याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात तीन चतुर्थांश पालक पाहिजेत आणि निम्म्या बाया पाहिजेत. शाळेचा विकास आराखडा करायचं काम या समितीचं आहे. ज्या समितीने शाळेचा आराखडा करायचा, तिला न विचारता शाळाच हलवायची, हे कोणत्या कलमात बसतं ते साहेबांनी लिहून द्यावं.

आणि आपला भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. इथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. पेसाच्या कलम ४ मध्ये सामाजिक क्षेत्रातल्या संस्था आणि तिथले कर्मचारी यांच्यावर पंचायत आणि ग्रामसभेचं नियंत्रण राहील, असं स्पष्ट आहे. शाळा ही सामाजिक क्षेत्रातली संस्था नाही, तर मग काय आहे? रेशन दुकान, दवाखाना, अंगणवाडी, शाळा, या सगळ्यांवर ग्रामसभेने लक्ष ठेवायचं आहे. महाराष्ट्राचे पेसा नियम २०१४ साली आले. पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून जाहीर करून घ्यायची वाट त्या नियमांनी दिली. ज्या पाड्यांनी ठराव केले, प्रस्ताव पाठवले, त्यांची ग्रामसभा आता त्यांची स्वतःची आहे. ज्यांनी केले नाहीत, त्यांनी आता करावे. चार गावांच्या गटग्रामपंचायतीत आपला आवाज बुडतो, हे आपण भोगलेलं आहे.

सरकारची बाजू, आणि आमचं उत्तर

सरकारच्या बाजूने जे बोललं जातं त्यात काहीच तथ्य नाही, असं आम्ही म्हणत नाही. पाच-सात मुलं एका खोलीत बसून शिकली तर त्यांना खेळायला जोडीदार मिळत नाही, ग्रंथालय नाही, प्रयोगाची पेटी नाही, हे खरं आहे. एका गुरुजीने चार वर्ग शिकवणं अवघड आहे, हेही खरं. मोठ्या शाळेत मुलं जास्त असतात, धीट होतात.

म्हणून आमचं म्हणणं असं. पाचवीपासून पुढच्या मुलांना एकत्र आणा. चांगली शाळा बांधा, वसतिगृह बांधा, रात्री बाई अधीक्षक ठेवा, जवळ दवाखाना ठेवा. आम्ही मुलं पाठवू. पण अंगणवाडी आणि पहिली ते चौथी पाड्यावर राहिली पाहिजे. या वयात लेकराला आई जवळ लागते आणि बोली जवळ लागते. आमची पोरं घरात वारली, कातकरी बोलतात. पुस्तकातली मराठी त्यांना दुसऱ्या गावची भाषा वाटते. पाड्यावरच्या शाळेत निदान शेजारची वहिनी खिचडी शिजवते, ती गुरुजींचं बोलणं पोरांना समजावून सांगते. कायद्यातही, होता होईल तो मुलाच्या मातृभाषेतून शिकवा, असं आहे. खालच्या गावच्या वर्गात आमचं पोर मागच्या बाकावर बसेल, आणि त्याला काही येत नाही असं ठरेल.

मुलांनी शाळेकडे जायचं की शाळेने मुलांकडे, हा वाद काही नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९५७ साली बोर्डीहून डहाणूजवळच्या कोसबाडला आल्या. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे त्यांनी पाहिलं, तेव्हा त्यांनी कुरणावर शाळा नेली. तिचं नावच कुरणशाळा. अंगणात अंगणवाडी भरवली. तेव्हा रस्ते नव्हते, वीज नव्हती, पैसा तर नव्हताच. सरकारी शिक्षण खात्याची माणसं कोसबाडला जाऊन ते बघून आली, पुस्तकांत त्यांचे धडे आले. धडा शिकवायचा आणि करायचं मात्र उलटं?

राहिला खर्चाचा प्रश्न. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन दिलं, त्यात त्यांनी हेच मांडलं होतं की सरकारचा महसूल कष्टकऱ्यांच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गासाठी होतो. बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. आपल्या डोंगरांतून धरणांचं पाणी शहराला जातं, आपल्या जमिनीवरून विजेच्या तारा जातात, रस्ते जातात, आणि सतरा पोरांना दोन शिक्षक दिले की तिजोरी रिकामी होते, हे आम्ही ऐकून घेणार नाही. मुलं कमी म्हणून दरडोई खर्च जास्त, असं सांगतात. डोंगरात वस्त्या लहानच असतात. लहान वस्तीत राहणं हा काही गुन्हा नाही.

आता जमिनीचं बघा

आमची शाळा कशी झाली ते जुन्या साथींना आठवत असेल. सन २००० नंतर वस्तीशाळा योजना आली तेव्हा पाड्यानेच झाप बांधला. कोणी कुडाच्या कारव्या आणल्या, कोणी पेंढा दिला, बायांनी सारवण केलं. पाड्यावरचाच दहावी झालेला पोरगा स्वयंसेवक म्हणून शिकवायला लागला. पुढे ती जिल्हा परिषदेची शाळा झाली. पण पक्की खोली कित्येक वर्षं मिळाली नाही, कारण जागा वनखात्याची. खोलीचे पैसे आले आणि परत गेले. पायाचे दगड टाकले तर गार्डाने उचलून नेले.

२००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा कलम ३(२) आपल्या उपयोगी पडलं. या कलमाप्रमाणे शाळा, अंगणवाडी, दवाखाना, रेशन दुकान, पाण्याच्या लाइनी, रस्ते अशा तेरा कामांसाठी वनजमीन देता येते. प्रत्येक कामाला एक हेक्टरच्या आत आणि हेक्टरी पंच्याहत्तरच्या वर झाडं तोडायची नाहीत, एवढी अट. आणि त्याला शिफारस कोणाची लागते? ग्रामसभेची. म्हणजे शाळेसाठी जमीन द्यायची तर ग्रामसभेची शिफारस लागते, पण तीच शाळा काढून न्यायची तर ग्रामसभेला विचारायलाही नको!

आता विचार करा. पाड्यावर सरकारचं काय आहे? तलाठी येत नाही, ग्रामसेवक येत नाही, नर्सबाई महिन्यातून एकदा. पाडा आहे, इथे माणसं राहतात, हे सरकारच्या कागदावर रोज लिहिणारी एकच जागा आहे, ती म्हणजे शाळा. हजेरीपटावर रोज पाड्याचं नाव पडतं. जनरल रजिस्टरात मुलाचं नाव, जात, जन्मतारीख, राहण्याचं ठिकाण लिहिलं जातं. त्याच्यावरून शाळा सोडल्याचा दाखला निघतो, दाखल्यावरून जातीचा दाखला निघतो, त्याच्यावर पुढचं सगळं उभं राहतं. वनहक्काच्या दाव्यांच्या वेळी आपण कुठे कुठे कागद शोधत फिरलो ते आठवा. दंडाच्या पावत्या, एकसाली प्लॉटचे कागद, मतदारयादी, आणि शाळेचं रजिस्टर. ही शाळा दुसऱ्या गावाला जोडली की आमची पोरं त्या गावच्या रजिस्टरात जातील. वीस वर्षांनी कोणी विचारलं की इथे वस्ती होती याला पुरावा काय, तर दाखवायला काय राहील?

दुसरं असं की माणसं जमिनीला धरून राहतात ती नुसत्या पट्ट्याच्या कागदाने नाही. पट्टा असला तरी एका पावसाच्या पिकावर वर्ष निघत नाही. तरी एक जण भट्टीवर जातो आणि बाई पोरांसाठी मागे थांबते, कारण इथे शाळा आहे, खिचडी आहे. ती थांबते म्हणून प्लॉटवर राखण राहते, नाचणीचं बी राहतं, बांध राहतो, ग्रामसभेला माणूस राहतो. शाळा गेली की तिला थांबायचं कारण राहत नाही. अख्खं घर मुकादमाच्या ट्रकमध्ये चढतं. सहा महिने पाडा ओस पडला की प्लॉटवर खड्डे खणून रोपं लावायला वनखातं येतंच. जमिनीची दलाली करणारे त्याच्याआधी येतात. पाड्यावर माणूस नसला की अडवणार कोण?

तिसरी गोष्ट अंगठ्याची. आपल्या आजा-पणजाच्या जमिनी गेल्या त्या अंगठ्यावर. सावकाराने कागद वाचून काय दाखवला आणि त्यात काय लिहिलं होतं, हे त्यांना कळलं नाही. १९७४ साली सरकारला आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत द्यायचा कायदा करावा लागला, तो याच कारणाने. तरी किती जणांना परत मिळाल्या? ज्यांना नोटीस वाचता आली, तारखेला हजर राहता आलं, त्यांना थोड्याफार मिळाल्या. आज आपले पोरगे-पोरी वनहक्क समितीचे अर्ज लिहितात, नकाशा वाचतात, माहितीचा अधिकार टाकतात. त्यांतली बरीचशी पाड्यावरच्या शाळेत पाटी घेऊन बसलेली आहेत. पुढच्या पिढीला ती पाटी मिळाली नाही, तर पुन्हा अंगठाच.

काय करायचं

येत्या २६ जानेवारीला ग्रामसभा आहे. त्या दिवशी पाड्यावर निम्मी माणसं नसतात हे आम्हाला माहीत आहे. जवळच्या भट्ट्यांवर निरोप पाठवा, एका दिवसासाठी तरी माणसं आणा. बायांची सभा आदल्या दिवशी घ्या आणि तिचा ठराव ग्रामसभेत मांडा. ठरावात एवढं असू द्या:

एक, आमच्या पाड्यावरची शाळा ग्रामसभेच्या संमतीशिवाय बंद करायची नाही, जोडायची नाही, हलवायची नाही.

दोन, मंजूर असलेले दोन्ही शिक्षक भरा. त्यांच्याकडून जनगणना, निवडणूक आणि आपत्तीच्या कामाखेरीज शाळेबाहेरचं काम घेऊ नका. कायद्यातच तशी मनाई आहे.

तीन, आधार नसलेल्या मुलांना पटावर धरा. जन्मनोंदीचं आणि आधारचं शिबिर पाड्यावर घ्या.

चार, दिवाळीनंतरचं हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू करा, आणि जाणाऱ्या प्रत्येक मुलाला शिक्षण हमी पत्रक द्या.

पाच, जिथे शाळेची खोली वनजमिनीवर अडली आहे तिथे कलम ३(२) खाली ग्रामसभेने शिफारस करावी. पेसाचा जो पाच टक्के निधी ग्रामपंचायतीला थेट येतो त्यातून शाळेची दुरुस्ती धरावी.

ठराव नुसता पाठवू नका, पोच घ्या. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लावा आणि तिची वही नीट लिहा. मुलांची नावं घरोघर जाऊन स्वतः लिहा, आणि ती यादी पाड्याच्या सह्यांनी पंचायत समितीला द्या. शाळेपर्यंतची वाट पावलांनी मोजा, ओहळ कुठे येतो, पाणी किती महिने असतं, ते कागदावर काढा. दाव्यांच्या वेळी आपण प्लॉटचे नकाशे काढले, तसाच हा नकाशा. कोणी तोंडी सांगायला आला तर त्याला खाटेवर बसवा, पाणी द्या आणि म्हणा, ‘‘साहेब, लिहून द्या.’’ जनरल रजिस्टर आणि जुने हजेरीपट पाड्याबाहेर न्यायला आले तर समितीच्या सहीशिवाय नेऊ देऊ नका. त्यांच्या नकला आत्ताच मागून ठेवा.

आणि मुलांना रोज शाळेत पाठवा. हे आम्ही आमच्यासकट सगळ्या पालकांना सांगतो. गुरं राखायला, धाकट्याला सांभाळायला पोर घरी ठेवलं, तर उद्या आपल्याच तोंडावर हजेरीपट फेकतील. भरलेली शाळा बंद करायला कोणी सहजासहजी धजावत नाही.

फेब्रुवारीत पंचायत समितीवर जायचं आहे. तारीख तालुका बैठकीत ठरेल. मोर्च्याला पोरांना घेऊन या, पाटी-दप्तरासकट. सतराची सतरा. ऑनलाइन दिसत नाहीत ती साहेबांना प्रत्यक्ष मोजू दे.

जमीन आमची, शाळा आमची!
ग्रामसभा जिंदाबाद!